लेझनबीच्या बॉण्डची बाजू

१९६९ चा बॉण्डपट 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' त्यात जेम्स बॉण्ड झालेल्या जॉर्ज लेझनबीमुळे फसला, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. तो मूळचा मॉडेल, संवादांत कमी पडतो, हे मान्य. पण मारामारीत तो खरोखर जीव तोडून लढतोय असं वाटतं.

त्यात दिग्दर्शक पीटर हंटचा वाटा मोठा. आधीच्या बॉण्डपटांचा तो संकलक, त्यामुळे प्रत्येक ठोसा झपाट्याने कापलेला. बर्फावरच्या पाठलागाला तर आजही तोड नाही! विली बोग्नर हा ऑलिंपिकमध्ये उतरलेला स्कीपटू हातात कॅमेरा धरून, प्रसंगी उलटा घसरत ही दृश्यं टिपत होता. संगणकाची करामत नाही, खरा उतार आणि खरा वेग. खलनायक ब्लोफेल्डचा अड्डाही खराच: स्वित्झर्लंडमधल्या शिल्टहॉर्न शिखरावरचं फिरतं रेस्टॉरंट. चित्रपटातलं 'पिट्स ग्लोरिया' हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

आणि डायना रिगने साकारलेली नायिका ट्रेसी! पाठलागाने थकलेला बॉण्ड स्केटिंगच्या मैदानाजवळ गर्दीत अंग चोरून बसलाय, चेहऱ्यावर उघड भीती आहे, आणि ती समोर येऊन थांबते. इथे ती त्याला वाचवते, तो तिला नाही. लेझनबीच्या आधीचा, शॉन कॉनरीचा बॉण्ड इतका घाबरलेला मला कल्पनेतही दिसत नाही. लेझनबीचा नवखेपणा इथे चित्रपटाच्या कामी आलाय, असं माझं ठाम मत आहे.