मदत हवी आहे: स्प्रिंग बूटचं पहिलंच पान उघडत नाही, ४०४ येतोय

नमस्कार मंडळी,

गावाकडे वडील दूध संकलन केंद्र चालवतात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सगळं वहीत. दर दहा दिवसांनी बिलं काढायची असली की रात्री बारापर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, आणि आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मागच्या महिन्यात एका आजींचं संध्याकाळचं दूध चढवायचंच राहून गेलं. वडिलांना ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळीच आजींच्या घरी जाऊन पैसे देऊन आले. त्याच दिवशी ठरवलं, यासाठी वेब ॲप आपणच करायचं.

कॉलेजात सर्व्हलेट-जेएसपी शिकलो होतो. ॲपची वॉर फाइल करून टॉमकॅट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकायची, एवढी ओळख. आता स्प्रिंग बूट ३ घेतलंय, जावात वेब ॲप करायची तयार चौकट. त्याच्या इनिशियलायझर साइटवरून मेवन, जावा १७, वेब, थाइमलीफ (एचटीएमएल पानांसाठी), जेपीए (डेटाबेसशी बोलायला) आणि एचटू (छोटा डेटाबेस) निवडून प्रोजेक्ट उतरवला. एका जुन्या व्हिडिओत बघून 'जावाएक्स.पर्सिस्टन्स' इंपोर्ट केलं, तर असं पॅकेजच नाही म्हणून कंपायलर अडला. मित्राने 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' लिहायला सांगितलं आणि चाललं. का चाललं, ते काही कळलं नाही.

आता ॲप सुरू होतं, कन्सोलवर ८०८० पोर्ट दिसतो, लाल ओळ एकही नाही. पण ब्राउझरमध्ये '/नोंद' उघडलं की स्प्रिंगचं व्हाइटलेबल एरर पेज, ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. मेन क्लास 'कॉम.दूध.ॲप' पॅकेजात आहे, कंट्रोलर, म्हणजे '/नोंद'ला उत्तर देणारा क्लास, 'कॉम.दूध.वेब'मध्ये. मॅपिंगचं स्पेलिंग दहा वेळा तपासलं. तीन रात्री यातच गेल्या. नुसता उपाय नको, कारणही समजावून सांगा, म्हणजे पुढच्या वेळी माझं मला सापडेल.

उत्तर

कारण तुमच्याच प्रश्नात आहे. '@स्प्रिंगबूटॲप्लिकेशन' ज्या क्लासवर असतं, त्याचं पॅकेज आणि त्याच्या पोटातली पॅकेजेस एवढीच स्प्रिंग धुंडाळतं. 'वेब' हे 'ॲप'च्या पोटात नाही, शेजारी आहे. त्यामुळे तुमचा कंट्रोलर स्प्रिंगला दिसलाच नाही, आणि न दिसलेल्या क्लासबद्दल ते तक्रार तरी काय करणार? म्हणून लाल ओळ नाही. मेन क्लास एक पायरी वर, 'कॉम.दूध'मध्ये आणा. एंटिटी (टेबलांचे क्लास) आणि रिपॉझिटरी (डेटाबेसमधून वाचणारे-लिहिणारे) हेही त्याच्याच खाली ठेवा, त्यांनाही हाच नियम आहे.

जकार्ताचं असं: ओरॅकलने जावा ईई (सर्व्हलेट, पर्सिस्टन्स वगैरे त्यातलंच) एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण 'जावाएक्स' हे नाव पुढे वापरायची मुभा मिळाली नाही. म्हणून पॅकेजेसची नावं बदलली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ पासून नवीच नावं लागतात, जावाही किमान १७. त्याआधीचे व्हिडिओ बघताना हे ध्यानात असू द्या.

धागाकर्ता

दादा, ४०४ गेला! मनापासून आभार. पण फॉर्मऐवजी पांढऱ्या पानावर नुसता 'नोंद' हा शब्द येतोय. टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये 'नोंद' नावाची एचटीएमएल फाइल आहे.

उत्तर

कंट्रोलरवर '@रेस्टकंट्रोलर' लिहिलंय का? त्यात परत केलेला मजकूर जसाच्या तसा ब्राउझरकडे जातो. '@कंट्रोलर' केलंत की तोच शब्द टेम्प्लेटचं नाव समजला जाईल आणि थाइमलीफ ती फाइल उघडेल.

आणखी एक, वडिलांचा हिशेब आहे म्हणून आवर्जून सांगतो. एचटू सध्या फक्त मेमरीत आहे, ॲप बंद केलं की नोंदी गेल्या. डेटाबेसची यूआरएल फाइलची द्या आणि डीडीएल-ऑटो ही टेबलं बनवायची सेटिंग 'अपडेट' ठेवा. पैसे आणि लिटर 'डबल' या जावाच्या अपूर्णांकी संख्या-प्रकारात मुळीच ठेवू नका. त्यात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. दशांश नेमके ठेवणारा 'बिगडेसिमल' वापरा, आणि तोही मजकुरातून बनवा, डबलमधून नको.

धागाकर्ता

तेच होतं, '@रेस्टकंट्रोलर'. फॉर्म उघडला. आत्ताच वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवला आणि त्यांनी सांगितलेली पहिली नोंद टाकली: म्हैस, ४.५ लिटर, फॅट ६.५. ॲप बंद करून परत सुरू केलं, नोंद जागेवर आहे. अक्षर अजून मोठं हवं म्हणाले, आता ते करतोय.