मदत हवी आहे : २७ मेगाहर्ट्झच्या सीबी सेटवर बोलता बोलता आवाज क्षीण होत जातो

नमस्कार मंडळी,

इंदूरचा आमचा लहानसा गट पावसाळ्यात जानापाव, पातालपाणी, चोरल या बाजूला भटकंतीला जातो. दऱ्यांमध्ये मोबाइलचा भरवसा नसल्यामुळे सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या माणसाकडे एकेक सीबी (सिटिझन्स बँड) वॉकीटॉकी सेट दिलेला असतो. दोन्ही सेट एकाच मॉडेलचे, हातात धरायचे, एएम पद्धतीचे आणि अंतर्गत अँटेनाचे आहेत. आपल्याकडे विनापरवाना मुभा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात आणि ५ वॉटपर्यंतच असल्याने आम्ही २७व्या चॅनलच्या पुढे जात नाही.

त्यांपैकी एका सेटमध्ये पुढील दोष आला आहे. पीटीटी (बोलताना दाबून धरायचे) बटण दाबून बोलू लागल्यावर पहिली दोन-तीन वाक्ये खणखणीत जातात, नंतर आवाज हळूहळू बसत जाऊन शेवटी कुजबुजीसारखा उरतो. बटण सोडून थोडे थांबले की पुन्हा सारे पूर्ववत होते. मागे राहिलेल्या माणसाचा निरोप अर्ध्यावर विरून जावा, ही गोष्ट घाटात धोक्याची असल्याने दुरुस्ती झाल्याखेरीज हा सेट कोणाच्या हाती द्यायचा नाही, असे ठरवले आहे.

शेजारच्या खोलीत शॉर्टवेव्ह रिसीव्हर लावून पाहिले, तेव्हा आवाज बुडत असतानाही त्याच्या सिग्नल मीटरचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे वाहक लहर पूर्ण ताकदीने जात आहे आणि उणीव फक्त मॉड्युलेशनमध्ये, म्हणजे त्या लहरीवर आवाज चढवण्यात आहे. बॅटरी नवी असून प्रसारण चालू असताना तिचे व्होल्टेज टिकून राहते. जेल रोडवरच्या एका कारागिराने माइकची कॅप्सूल बदलून दिली, पण फरक पडला नाही. कॅप्सूलला मिळणारे व्होल्टेजही बोलताना स्थिर आढळले. शिवाय ऐकण्याचा आवाज उत्तम आहे, आणि एएम सीबी सेटमध्ये बहुधा एकच ऑडिओ अॅम्प्लिफायर ऐकताना स्पीकर चालवतो व बोलताना मॉड्युलेशन देतो, त्यामुळे त्या भागावर माझा संशय नाही.

मला सर्वांत बोलकी वाटलेली चाचणी अशी : बटण दाबून बराच वेळ काहीच बोललो नाही आणि मग बोललो, तर पहिला शब्द तरीही पूर्ण जोराने गेला आणि उतार त्यानंतर लागला. दोष निव्वळ तापण्याचा असता, तर गप्प राहूनही आवाज बसायला हवा होता. यावरून मला वाटते की माइकचा जोर आपोआप आवरणारे सर्किट, ज्याला एएमसी म्हणतात, तेच सैल पडत नसावे : बोलण्यातून त्याच्या कपॅसिटरवर भार साठतो, पण तो रिकामा करणारा रेझिस्टर तुटला असेल किंवा त्याचे सोल्डर सुटले असेल, तर प्रत्येक शब्दागणिक माइकचा जोर आणखी दाबला जाणार.

एएमसी कापूनच टाका, असा सल्ला अनेकजण देतात. तो मला मान्य नाही, कारण अतिमॉड्युलेशनमुळे आवाज फाटतो आणि बहुतेक चॅनलांमध्ये अंतर अवघे १० किलोहर्ट्झ असल्याने शेजारच्या चॅनलवर बोलणाऱ्यांना उपद्रव होतो. पट्टीवर सर्वांचा समान हक्क आहे.

अडचण अशी की या मॉडेलचे सर्किट डायग्राम मिळत नाही आणि माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही. डिजिटल मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि तुलनेसाठी दुसरा निर्दोष सेट एवढेच आहे. डायग्रामशिवाय एएमसीचा ट्रान्झिस्टर बोर्डवर कसा ओळखावा? त्याच्या बेसवरचे व्होल्टेज बोलणे थांबल्यावर किती लवकर उतरायला हवे? कपॅसिटर आणि रेझिस्टर यांपैकी आधी कोणाचे एक टोक सोडवून मोजावे? आणि माझ्या तर्काखेरीज, बोलण्याबरोबरच वाढत जाणारे दुसरे एखादे कारण आपल्या अनुभवात असेल, तर तेही कृपया सांगावे. दोन्ही सेट उघडून ठेवले आहेत. सुचवाल ती मापे दोन्हींवर घेऊन इथेच कळवतो.