पोलोनियम 'साचतं', 'मुरतं' की 'भिनतं'?

निशिगंधा: सागरी विज्ञानाचा एक लेख मराठीत करतेय आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडकलेय. 'वनस्पतिप्लवकांत नैसर्गिक किरणोत्सार साचतो' असं लिहिलं होतं (वनस्पतिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती), संपादकांनी 'जैवसंचयन होते', म्हणजे सजीवाच्या अंगात साठतं, असं करून परत पाठवलं. पण पोलोनियम-210 हे किरणोत्सारी मूलद्रव्य पेशीच्या आत जाऊन प्रथिनांना धरून बसतं, त्याच किरणोत्सारी साखळीतलं शिसं-210 बहुतेक बाहेरच चिकटतं, मग दोन्हीला एकच शब्द कसा चालेल?

खडपे: साचतं ते डबक्यात पाणी. आत गेलं ते मुरलं, बाहेरचं ते चिकटलं. संचयन वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही.

देवधर: मुरलं की लोणचं चांगलं लागतं, ती छटा इथे नको. विष भिनतं, तसं भिनणे घ्या. आणि निशिगंधाताई, उत्सार म्हणजे बाहेर पडणं, ते साचेल कसं? साचतो तो पदार्थ.

निशिगंधा: हे पटलं, वाक्यच चुकलं माझं. पण भिनतं म्हटलं की वाचणारा घाबरतो. हे कारखान्यातलं नाहीये हो, जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन वायू होतो, तो हवेत जातो, त्याचं शिसं होऊन पावसाबरोबर समुद्रात पडतं, त्याचंच पुढे पोलोनियम होतं, माणूस नव्हता तेव्हापासून.

सुरमई: प्लवक हे प्लँक्टनवरूनच केलंय ना?

देवधर: नाही, प्लु धातू, तरंगणं, उडी मारणं. माकडाला प्लवंग म्हणतात ते त्यातलंच. प्लँक्टन ग्रीक, भटकणारा, जर्मन शास्त्रज्ञ हेन्सेननं 1887 मध्ये दिलेलं नाव.

खडपे: धातू राहू दे, बंदरावर प्लवक कोण म्हणतं? आई तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते, सकाळी टोपाच्या तळाशी वाळूचा थर, म्हणते 'ओकल्या बघ'. तिसऱ्या हे प्लवकच गाळून खातात, पोलोनियम त्यांच्यातही येतं, पण ते असं रातोरात ओकत नाहीत. म्हणून मुरतंच बरोबर.

सुरमई: रात्री लाटा निळ्या चमकतात ते हेच का?

निशिगंधा: नाही गं, तो नॉक्टिल्यूका, समुद्रातला एक सूक्ष्म जीव. रासायनिक क्रियेचा उजेड, किरणोत्साराशी संबंध नाही.

खडपे: आजोबा त्याला 'पाणी पेटलं' म्हणायचे.

देवधर: पेटायला जाळ लागतो, पाणी उजळलं म्हणा.

खडपे: होडीत बसून वल्हं मारून बघा एकदा, मग सांगा उजळतं की पेटतं.

निशिगंधा: लेख सोमवारी द्यायचाय, तूर्त 'पेशीत उतरतं' लिहितेय, चालेल?

देवधर: उतरतो तो ताप.