विज्ञानमालिकांतल्या चुका : कोणती माफ, कोणती नाही?

धंतोलीचे_सर
मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. अंतराळातल्या मालिका वर्गातली मुलं बघतात, म्हणून मीही बघतो आणि त्यांतल्या चुका मनाला लागतात. माझं म्हणणं सरळ आहे. पैसा कमी पडला म्हणून झालेली चूक माफ. फुकटात सुधारता आली असती ती माफ नाही.

1975 ची ब्रिटिश मालिका 'स्पेस: 1999' घ्या. चंद्रावर साठवलेल्या अणुकचऱ्याचा 13 सप्टेंबर 1999 ला स्फोट होतो आणि अख्खा चंद्र कक्षा सोडून निघतो. गोष्टीची सुरुवात म्हणून एवढं पत्करू. पण मग तो दर थोड्या दिवसांनी नव्या ग्रहाजवळ कसा पोचतो? सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा 4.2 प्रकाशवर्षांवर आहे. चंद्राला सेकंदाला 1,000 किलोमीटरचा वेग दिला तरी तिथवर जायला बाराशेहून जास्त वर्षं लागतील. हे गणित करायला कागद-पेन्सिल पुरे होती.

महालचा_भाऊ
सर, तुम्ही गणित घेऊन बसले तर गोष्ट कधी पाहणार? आणि त्याच मालिकेत 'ब्लॅक सन' नावाचा भाग आहे, चंद्र एका कृष्णविवरातून आरपार जाऊन पार दुसरीकडे निघतो. म्हणजे त्यांनी वाट ठेवली होती. लहानपणी आमच्याकडे दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' लागायची. सेट साधे, यंत्रमानव साधा, पण आमची सगळी पोट्टी टीव्हीसमोरून हलत नव्हती. त्यातलेच दोघं पुढं इंजिनिअर झाले.

अवकाशात आवाज येत नाही हे मलाही माहीत आहे. पण मग तिथं व्हायोलिन तरी कोण वाजवून राहिलं? पार्श्वसंगीत चालते, तर स्फोटाचा आवाज काहून चालत नाही?

धंतोलीचे_सर
भाऊ, एका भागातली वाट बाकीच्या भागांना पुरत नाही. संगीताचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर मी भांडणार नाही. माझा राग वेगळ्या जागी आहे. माणूस यानाबाहेर पडला की क्षणात गोठून काच होतो, हे दाखवतात ना, त्यावर. पोकळीत उष्णता ओढून घ्यायला हवाच नसते, म्हणून शरीर फार हळू निवतं. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये हवा काढून टाकतात ती याचसाठी. 1966 मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात जिम लेब्लांक या तंत्रज्ञाच्या पोशाखातली हवा निघून गेली. साधारण 14 सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. शेवटचं आठवतं ते जिभेवरची लाळ उकळू लागल्याचं, असं त्यांनी नंतर सांगितलं. लगेच हवा भरली आणि ते वाचले. खरी घटना गोठलेल्या पुतळ्यापेक्षा किती थरारक आहे बघा!

अजनीवाला
दोघंही मूळ दुखणं सोडून बोलून राहिले. निसर्गाचे नियम मोडा, चालते. स्वतः घालून दिलेले नियम मोडू नका. 'स्टार ट्रेक'च्या 'व्हॉयेजर' मालिकेत वार्प 10 म्हणजे अनंत वेग (वार्प ही प्रकाशाहून जास्त वेगाची त्यांची मोजपट्टी), तिथं पोचणं अशक्य. अन् साठच्या दशकातल्या मूळ मालिकेत एंटरप्राइज जहाज वार्प 14.1 वर पळालं होतं! चाहते म्हणतात, मधल्या काळात मोजपट्टी बदलली. ठीक, मान्य. पण 1996 च्या 'थ्रेशोल्ड' भागात व्हॉयेजर जहाजाचा चालक पॅरिस वार्प 10 गाठतो, सरड्यासारखा प्राणी होतो, डॉक्टर त्याला बरा करतो. मग त्याच युक्तीनं सगळे घरी काहून गेले नाहीत? दूर अडकलेल्या त्यांना तर घर गाठायला 75 वर्षं लागणार होती. पुढं ह्या शोधाचं नावच कोणी काढत नाही. याला मी प्रेक्षकांचा अपमान म्हणतो.

फुटाळा_संकलन
मी संकलनाचं काम करते, म्हणून थोडं पडद्यामागचं सांगते. प्रसंग क्रमानं चित्रित होत नाहीत. शेवटचा प्रसंग सोमवारी, पहिला गुरुवारी. लेखकही बदलत राहतात. मूळ 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कच्या नावाचंच बघा. सुरुवातीच्या एका भागात थडग्यावर जेम्स आर. कर्क लिहिलंय, पुढे तो कायम जेम्स टी. त्या वेळी पुढचं काहीच पक्कं नव्हतं.

आणि सर, पैशांपायी झालेली तडजोड कधी कधी सोनं होते. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसाला क्षणात यानातून ग्रहावर पोचवणारं यंत्र, ट्रान्सपोर्टर, आलं. आज त्या यंत्राशिवाय 'स्टार ट्रेक' डोळ्यांसमोर येईल का?

अजनीवाले दादा, 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन या परग्रहवासीयांचं कपाळ आठवा. साठच्या दशकात सपाट, 1979 च्या चित्रपटापासून उंचवट्यांचं. 1996 मध्ये 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत वोर्फ या क्लिंगॉनाला त्याबद्दल विचारलं तर तो म्हणतो, बाहेरच्यांशी आम्ही हे बोलत नाही. एवढ्यात विषय संपला होता, किती छान! मग 2005 मध्ये 'एंटरप्राइज' या मालिकेनं विषाणूची दोन भागांची कथा लिहून ते समजावलं. मला ती ओढाताण वाटली.

अजनीवाला
ताई, उलट मला तीच आवडली. निदान कोणीतरी जबाबदारी घेतली.

धंतोलीचे_सर
ट्रान्सपोर्टर मला मंजूर, तो पहिल्याच वर्गात बसतो. पण नियम पाळल्यानं गोष्ट सुकते हे मात्र खोटं. 'द एक्सपान्स' ही मालिका बघा. यान वेग वाढवतं तेव्हाच पायाखाली वजन येतं. अर्ध्या वाटेत ते उलटं फिरवून वेग कमी करतात. निरोप पोचायला वेळ लागतो, आणि खरंच, पृथ्वी-मंगळ अंतरानुसार प्रकाशालाच 3 ते 22 मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात समोरचा जिवंत आहे की नाही हे कळत नाही. एवढा ताण आयता हाती येतो.

मुलं बघतात हो सगळं. मे अखेरीस भर दुपारी आपल्या नागपुरात सावली पायाखाली नाहीशी होते, तो प्रयोग आम्ही दरवर्षी करतो. तो केलेल्या एका मुलीनं परवा एका मालिकेबद्दल विचारलं, आकाशात दोन सूर्य आहेत तर या माणसाची सावली एकच कशी? तिला मी काय सांगू, सेटवर दिवा एकच होता म्हणून?

महालचा_भाऊ
हेच सांगा ना सर! तो प्रश्न तिला चुकलेल्या मालिकेनंच दिला. सगळं बरोबर असतं तर तिनं पुढं पाहिलं असतं अन् विसरली असती.

फुटाळा_संकलन
भाऊ, तिच्याजवळ सर आहेत म्हणून तो प्रश्न झाला. ज्यांच्याजवळ कोणी नाही, ती पोरं एकच सावली खरी धरून बसतील. दुसरा दिवा लावणं काही महाग नव्हतं.