मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून ग्लास आरपीसीचा करंट चढतोय, एफिशियन्सी पडतेय

नमस्कार मंडळी,

डिटेक्टरवाले कुणी असतील तर जरा इकडे बघा. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ३० बाय ३० सेंमीचा ग्लास आरपीसी (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, म्हणजे कण टिपणारा काचेचा डिटेक्टर) बनवलाय. ३ मिमीच्या दोन काचा, मध्ये २ मिमीची गॅप, गॅप राखायला पॉलिकार्बोनेटची बटणं, बाहेरून ग्रॅफाइटचा थर, सिग्नलसाठी १ बाय १ सेंमीचे पॅड.

कल्पना कॅलिस या आंतरराष्ट्रीय गटाच्या एसडीएचकॅलवरून (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या कॅलोरीमीटरवरून) उचलली आहे. तिथे पोलादाच्या थरांमध्ये असे ४८ चेंबर आहेत, चार लाखांवर पॅड. पॅड पेटला की सिग्नलनं तीनपैकी कुठला थ्रेशोल्ड (ठरवलेली पातळी) ओलांडला एवढंच कळतं, आणि त्या मोजणीवरून हॅड्रॉनची (प्रोटॉन, पायॉनसारख्या कणांची) ऊर्जा काढायची. आमच्याकडे एकच थर आहे, कॉस्मिक म्युऑनवर (वैश्विक किरणांमुळे येणाऱ्या कणांवर) तपासतोय. सर म्हणतात, ऊर्जा मोजणीवरच ठरणार तर आधी एका थराची एफिशियन्सी (शंभरातले किती म्युऑन टिपले जातात) आणि मल्टिप्लिसिटी (एका म्युऑनमागे किती पॅड पेटतात) स्थिर करून दाखव.

नेमकं तेच जमत नाहीये. गॅस आर१३४ए ९५.२, आयसोब्युटेन ४.५, एसएफ६ ०.३ टक्के, आयएनओ या भारतीय न्यूट्रिनो प्रकल्पाच्या चेंबरांचं मिश्रण तेच घेतलंय. व्होल्टेज ±४.९ केव्ही. मे महिन्यात करंट ३५ नॅनोअँपियर आणि एफिशियन्सी ९६ टक्के होती. आता जुलैत करंट ३००, एफिशियन्सी ७१. व्होल्टेज २०० व्होल्टनं वाढवलं तर करंट आणखी चढला, एफिशियन्सी ढिम्म. कनेक्टर, प्रीअँप, सोल्डरिंग दोन-दोनदा तपासून झालं. महिन्याभरात सबमिशन आहे. कुठे बघू?

कोकण्या: पावसाळ्यात हवेचा दाब उतरतो. तापमान-दाबाचं करेक्शन लावलंय का?

अणुरेणू: ते लावायलाच हवं, पण इथला आजार तो नाही. दाब उतरला की गॅस विरळ होतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला गेन (गॅसमध्ये सिग्नल किती पटींनी मोठा होतो ते) वाढतो. एफिशियन्सी वाढायला हवी होती, यांची तर पडलीय.

करंट बाहेरून, ग्रॅफाइटच्या कडेनं गळत असता तर आकडा चढला असता, एफिशियन्सी जागेवर राहिली असती. म्हणजे हा करंट काचेतून आणि गॅपमधूनच जातोय. हिशोब करून बघा: फ्लोट ग्लासची रेझिस्टिव्हिटी ५ × १०^१२ ओहम-सेंमी धरली, तर तुमच्या दोन काचा मिळून साधारण ३.३ गिगाओहम होतात. त्यातून ३०० नॅनोअँपियर गेले की काचेतच १ केव्ही खर्च. गॅसला दोन्ही बाजू मिळून ९.८ केव्ही नव्हे, ८.८ च मिळतायत. व्होल्टेज वाढवून फायदा का होत नाही ते यातच आलं.

आता सांगा, सिलिंडरपासून चेंबरपर्यंत नळी कसली आहे?

धागाकर्ती: प्लास्टिकची. गॅसची खोली लांब आहे, १५-१६ मीटर तरी असेल 😐

अणुरेणू: मग चेंबर सादळलाय. उघड्या डब्यातल्या पापडासारखा. प्लास्टिकमधून गॅस बाहेर येत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण बाष्प आत शिरतं. जपानमधल्या बेल प्रयोगात ग्लास आरपीसींचं हेच झालं होतं. शेवटी प्लास्टिकच्या नळ्या काढून तांब्याच्या घातल्या. अ‍ॅव्हलांशमध्ये (गॅसमध्ये इलेक्ट्रॉनची साखळी वाढत जाते तेव्हा) फ्रिऑनमधून, म्हणजे आर१३४एमधून, सुटणारं फ्लोरिन आणि पाणी मिळून हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड बनतं, ते काचेचा आतला पृष्ठभाग खातं, तिथून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात.

आधी एचव्ही (हाय व्होल्टेज) उतरवा, चालू ठेवाल तितकं नुकसान वाढेल. नळी बदला, मग काही दिवस कोरडा गॅस सोडून पुन्हा आय-व्ही (व्होल्टेजनुसार करंटचा आलेख) काढा. एक्झॉस्टचा बबलरही (गॅस तेलातून बाहेर सोडणारी बाटली) बघा, तेल कमी असेल तर हवा उलटी येते. जाता जाता, तो गॅस खिडकीबाहेर कमी सोडा. आर१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो, एसएफ६ वीस हजारांच्याही वर. पुढच्या कोलायडरांसाठी एचएफओची (कमी तापवणाऱ्या पर्यायी वायूंची) मिश्रणं तपासतात ती त्यामुळेच.

धागाकर्ती: एचव्ही बंद केलं. बबलरमध्ये तेल अर्ध्या बोटाएवढंच निघालं. पाव इंची तांब्याची नळी फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे मिळाली, त्यानं विचारलं, "कुठला एसी, मॅडम?" काच किती खाल्लीय हे चेंबर न उघडता कळेल का?

अणुरेणू: आय-व्हीवरून. कोरड्या गॅसवर आठवड्यानंही करंट शंभराखाली येत नसेल तर दुसरा चेंबर चिकटवायला घ्या. सरांना आजच सांगून ठेवा.