नवीन मानसोपचारतज्ज्ञ: पहिल्या भेटीला काय न्यायचं, काय ठरवायचं?

निपाणीकर:
भावाला बायपोलर आजार (मूड कधी बेसुमार चढतो, कधी खूप खचतो) आहे. लिथियम ३०० च्या दिवसाला तीन गोळ्या आणि रात्री ओलान्झापिन ५ चालू. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी प्रॅक्टिस थांबवली, म्हणून आता बेळगावला दाखवणार आहोत. सोबत काय न्यावं? उपचार पहिल्याच दिवशी ठरतात का?

खानापूर_फार्मासिस्ट:
भेट ठरेपर्यंत गोळ्या संपू देऊ नका. लिथियम एकदम तुटलं की मेनिया, म्हणजे मूड बेसुमार चढण्याचा टप्पा, उलटायची भीती असते.

आजवरच्या औषधांचा एक कागद करा: घटकाचं नाव (ब्रँड बदलतात, म्हणून स्ट्रिपचा फोटोही), डोस, किती आठवडे, काय फरक पडला, का थांबवलं. 'अमुक गोळी लागू पडली नाही' एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. दहा दिवसांत सोडलेली आणि पुरेशा डोसवर दोन महिने घेऊनही न चाललेली, यात मोठा फरक आहे.

लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासतात. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. पुष्कळजण गोळी घेऊनच लॅबला जातात. मग आकडा फुगलेला येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. सोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम. ओलान्झापिनसाठी वजन, उपाशीपोटी साखर, लिपिड (रक्तातली चरबी). जुने रिपोर्ट तारखेनुसार लावा.

सिस्टर_बेळगाव:
पहिली भेट बहुतेक इतिहास ऐकण्यातच जाते, त्यामुळे सगळं त्याच दिवशी ठरेल असं धरू नका. तुम्ही सोबत जा, पण भावाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायला वेळ मिळू द्या. तो जे घरच्यांसमोर सांगत नाही, तेच बऱ्याचदा महत्त्वाचं असतं.

या गोष्टी मात्र लिहून घ्या: पुढची तपासणी कधी, आणि बिघडतंय हे कशावरून ओळखायचं. झोप कमी होऊनही थकवा नाही, खर्च वाढला, बोलणं थांबेना, ही त्याची नेहमीची सुरुवात असेल तर किती रात्रींनंतर फोन करायचा, कुणाला करायचा, तेही विचारा.

अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका, लिथियमची पातळी चढते. जुलाब, उलट्या, उन्हात पाणी कमी पडणं, यानेही चढते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ अडखळणं दिसलं तर पुढची गोळी न देता सरळ इमर्जन्सीला न्या.

चिकोडी_समुपदेशक:
जुन्या डॉक्टरांकडून केस पेपर मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागायचा हक्क आहे, तेव्हा अर्जावर भावाची सही घ्या. कलम १४ प्रमाणे त्याला उपचाराच्या निर्णयांत साथ देणारा आपला प्रतिनिधीही नेमता येतो. हे तो बरा असतानाच करून घ्यावं.

मध्येच अडलं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास. मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही.

निपाणीकर:
आभारी आहे सगळ्यांचा. ओलान्झापिनने वजन खूप वाढलंय. पहिल्याच भेटीत बदलून मागू का?

खानापूर_फार्मासिस्ट:
तक्रार पहिल्याच भेटीत सांगा, आधीचं आणि आताचं वजन आकड्यात द्या. पण एका वेळी एकच औषध बदला असं डॉक्टरांना विनवा. दोन एकदम बदलली तर बरं किंवा वाईट कशाने झालं, ते कळत नाही. आणि गोळी घरच्या घरी अर्धी करू नका.