कंडोमला तेल आणि उन्हाचं काय?
नॉन-लेटेक्स कंडोमने लेटेक्सच्या (नैसर्गिक रबराच्या) कंडोमइतकाच बचाव होतो, फक्त लेटेक्सची ॲलर्जी टळते, असं काही जण म्हणतात. पॉलीयुरेथेन (एक प्लास्टिक) आणि पॉलीआयसोप्रीन (कृत्रिम रबर) यांच्यापुरतं ते बरंचसं पटतं, जरी पॉलीयुरेथेन फाटतं जरा जास्त. पण मेंढीच्या आतड्याचं कंडोम त्यात धरू नका. त्यातून एचआयव्ही, हिपॅटायटिस बीचे विषाणू पार होऊ शकतात.

तेलाबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. आमच्याकडे जळगावला खोबरेलाची बाटली उशाशीच, मग वंगणासाठी वेगळं जेल आणतो कोण! तेलाने लेटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, पॉलीआयसोप्रीनचंही तेच. पॉलीयुरेथेनला तेल चालतं. शिवाय मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ गाठतो, तेव्हा गाडीच्या डिकीत महिनाभर पडलेलं लेटेक्स वापरू नका. उघडल्यावर चिकट किंवा कडक लागलं तर सरळ फेका, तारीख शिल्लक असली तरी.